एकट्या पियानोवर वाजवण्याजोगी फ्रेंच कॅबरे गाणी: कोणती निवडावीत आणि कशी वाजवावीत?

प्रश्न – मंद्रसप्तक

पॅरिसच्या कॅबरेंमध्ये, म्हणजे खाण्यापिण्यासोबत गाणी ऐकवणाऱ्या छोट्या जागांत घडलेली जुनी फ्रेंच गाणी, म्हणजे साधारणपणे १८८० पासून १९६० च्या दशकापर्यंतची, गायकाशिवाय केवळ पियानोवर वाजवावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मला स्वरलिपी वाचून वाजवता येते आणि मध्यम अवघड रचना नेटाने सराव केल्यावर हाताखाली बसतात. मात्र मैफलींच्या रंगमंचावरील वादकांची चपळाई माझ्या बोटांत नाही आणि ती येण्याची वाट पाहत थांबण्याचीही माझी तयारी नाही.

अडचण अशी की जे जे साहित्य हाती लागते ते कुठेतरी अपुरे पडते. ‘सोपा पियानो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संकलनांत उजव्या हाताला एकेरी स्वरांची चाल आणि डाव्या हाताला प्रत्येक बारमध्ये (मात्रांच्या एका गटात) एक ठोकळेबाज कॉर्ड एवढेच असते, आणि तसे वाजवले की गाण्याचा केवळ आराखडा ऐकू येतो. आवाज आणि पियानो अशा दोघांसाठी छापलेल्या प्रतींत साथ सुंदर असते, परंतु चाल गायकाच्या ओळीत राहते; ती उजव्या हातात घेतली तर साथीचा निम्मा भाग सोडून द्यावा लागतो. जॅझ वादकांच्या मांडणीत चाल आणि साथ दोन्ही असतात, पण तिथे मूळ गाण्याचा फ्रेंच स्वभाव उरत नाही असे मला सतत जाणवते, आणि नेमके काय हरवते हे मला सांगता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारतो. मुळात पियानोसाठीच लिहिलेल्या, पण कॅबरेच्या वातावरणातून आलेल्या रचना कोणत्या? गाण्यांपैकी कोणती गाणी शब्दांवाचून तग धरतात? आणि आवाज व पियानो यांच्या प्रतीवरून एकट्या वाद्याची मांडणी करायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद – उत्तररात्र

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एरिक सातीपासूनच सुरू व्हायला हवे, कारण कॅबरेच्या पियानोसमोर बसून उपजीविका केलेला आणि त्याच वेळी आधुनिक संगीताला वळण देणारा संगीतकार म्हणून त्याच्याइतके ठळक दुसरे नाव नाही. रोदोल्फ सालिस यांनी १८८१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ‘शा न्वार’ हे कॅबरे सुरू केले आणि ते १८९७ पर्यंत चालले. साती तिथे पियानो वाजवीत असे. पुढे व्हँसाँ इस्पा या गायकाची साथ त्याने अनेक वर्षे केली. १८९८ मध्ये तो शहराबाहेर आर्क्योय येथे राहायला गेला, तरी कामासाठी त्याचे मोंमार्त्रला जाणे सुरूच राहिले, आणि आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक रचना याच काळातील आहेत.

‘ज त व्हो’ हा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नृत्यलयीतील रचना) त्याने पोलेत दार्ती या गायिकेसाठी रचला आणि तो १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. महत्त्वाची गोष्ट ही की त्याची एकट्या पियानोची प्रत स्वतः सातीचीच आहे. म्हणजे चाल कोणत्या स्वरांनी भरावी, डाव्या हाताने किती बोलावे, ध्रुवपद परत येताना काय बदलावे, या आपल्याला पडलेल्या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष रचनाकाराने दिलेली आहेत. गाण्याची प्रत आणि पियानोची प्रत शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मांडणीचा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. पट्टी सी मेजर असल्यामुळे ही रचना सोपी वाटते, परंतु तिचा डौल सहज हाती लागत नाही.

त्याच सुमाराचा ‘पूद्र दॉर’ हा दुसरा वॉल्ट्झ थोडा अधिक झगमगता आहे. १९०४ मधील ‘ला दिव्हा द लाँपीर’ हे गाणे मात्र वॉल्ट्झ नाही. त्या वेळी पॅरिसला अमेरिकेतून आलेल्या केकवॉकचे जे वेड लागले होते, त्याच्या उलटसुलट आघातांवर ते उभे आहे, आणि त्याचीही पियानोची प्रत मिळते. त्याच वर्षाची ‘ल पिकाडिली’ ही छोटी रचना याच जातीची असून ती दोन मिनिटांच्या आत संपते. या दोन्ही रचना धावत वाजवण्याचा मोह आवरावा. केकवॉक ही चालण्याची लय आहे आणि पावलांचा ठेका ऐकू आला नाही तर तिच्यात काही उरत नाही.

देब्युसीचा ‘ला प्लु क लाँत’ हा १९१० चा वॉल्ट्झ कॅबरेचे गाणे नसला तरी पॅरिसच्या उपाहारगृहांतील वाद्यवृंदांची लाडिक, रेंगाळणारी शैली त्याने त्यात पकडलेली आहे. हा सातीपेक्षा बराच अवघड आहे. जी फ्लॅट मेजर पट्टी आणि सतत लवचिक राहणारी लय, दोन्हींना वेळ द्यावा लागतो. फ्रान्सिस पूलांक यांच्या पंधरा ‘इंप्रोव्हिझासिओं’पैकी शेवटची, १९५९ मधील सी मायनर पट्टीतील रचना गायिका एदित पियाफ हिला अर्पण केलेली आहे. पियाफचे कोणतेही गाणे त्यात जसेच्या तसे नाही, परंतु रस्त्यावरच्या फ्रेंच गाण्याचा करुण, ओसंडणारा स्वभाव पियानोच्या भाषेत कसा उतरतो हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. पूलांक यांना स्वतःच्या पियानो रचनांत पेडलचा सढळ वापर अपेक्षित होता, हे लक्षात ठेवावे. त्या कोरड्या वाजवल्या तर उघड्याबोडक्या वाटतात.

प्रतिसाद – कोमलनिषाद

उत्तररात्र यांनी सुचवलेल्या रचना उत्तम आहेत आणि त्यांपासूनच आरंभ करावा. परंतु प्रश्नातील एक वाक्य मला अधिक मोलाचे वाटते: जॅझच्या मांडणीत काहीतरी हरवते, पण काय ते सांगता येत नाही. माझ्या मते जे हरवते ते म्हणजे कडवे.

या गाण्यांची घडण कडवे आणि ध्रुवपद अशी असते. कडव्यात गोष्ट सांगितली जाते. तिथे गायक जवळजवळ बोलत असतो, लय सैल असते, स्वर थोड्याच टप्प्यात फिरतात आणि साथ बाजूला उभी राहून वाट पाहते. ध्रुवपदात गाणे सुरू होते. लय बांधली जाते, चाल पंख पसरते, आणि श्रोता जे गुणगुणत घरी जातो ते हेच. कॅबरे लहान जागेत, टेबलांच्या मध्ये, ओळखीच्या चेहऱ्यांसमोर चालत असे, म्हणून तिथे बोलण्याला गाण्याइतकेच वजन होते. ही गाणी फ्रान्सबाहेर गेली तेव्हा बहुधा फक्त ध्रुवपदे गेली, कारण वादकांना उत्स्फूर्त वादनासाठी ३२ बारची सुबक चौकट हवी होती. कडवे गाळले की बोलण्यातून गाण्यात शिरण्याचा तो क्षण नाहीसा होतो, आणि माझ्या दृष्टीने कॅबरेची सारी जादू त्या क्षणात आहे.

‘ले फ्यॉय मॉर्त’ याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. जोसेफ कॉस्मा यांची चाल १९४५ ची, शब्द जाक प्रेव्हेर यांचे. १९४६ मधील ‘ले पोर्त द ला न्वी’ या चित्रपटातून आणि पुढे ईव्ह मोंताँ यांच्या आवाजातून ते घरोघरी पोहोचले. जगभर ‘ऑटम लीव्ह्ज’ म्हणून जे वाजते ते त्याचे ध्रुवपद. मूळ गाण्यात त्याआधी एक लांब कडवे आहे, ज्यात निवेदक जुन्या दिवसांची आठवण करून देतो. ते कडवे जवळजवळ संवादासारखे वाजवून, शेवटच्या स्वरावर क्षणभर थांबून मग ध्रुवपदात उतरले, तर तीच सर्वपरिचित चाल पूर्णपणे निराळी ऐकू येते. ‘ला व्ही आँ रोझ’ (चाल लुईगी यांची, शब्द पियाफचे) आणि शार्ल त्रेने यांचे १९४२ मधील ‘क रेस्त-तिल द नोझामूर’ यांनाही अशी कडवी आहेत आणि संकलनांतून तीच सर्वप्रथम कापली जातात. म्हणून प्रत निवडताना पहिली कसोटी ही ठेवा: कडवे छापलेले आहे की नाही. नसेल तर मांडणी कितीही देखणी असली तरी ती प्रत बाजूला ठेवावी.

आता शब्दांवाचून कोणती गाणी तग धरतात, याविषयी. चालीतच कथानक असलेली गाणी धरतात. पूलांक यांचे १९४० मधील ‘ले शमँ द लामूर’ नाटककार आनुई यांच्या ‘लेओकादिया’ नाटकासाठी इव्होन प्रँताँ हिने गायले. त्याचे मायनरमधले कडवे मेजरमधल्या ध्रुवपदाकडे वळते तेव्हा एक शब्दही न कळता काय घडले ते उमगते. उबेर जिरो यांचे ‘सू ल सिएल द पारी’ (१९५१) हा मायनरमधील वॉल्ट्झ आहे आणि त्याची चाल इतकी नाचरी आहे की तिला शब्दांचा टेकू लागत नाही. मार्गरित मोनो यांच्या ‘इम्न आ लामूर’मध्ये संथ त्रिकांची साथ हळूहळू चढत जाते आणि तो चढ पियानोवर फार चांगला उभा राहतो.

याउलट जी गाणी शब्दांच्या वेगावर किंवा विनोदावर जगतात ती सोडून द्यावीत. जाक ब्रेल यांचे ‘ला व्हाल्स आ मिल ताँ’ (१९५९) सतत वेग वाढवत नेते, आणि तिथे श्रोत्याचा श्वास रोखला जातो तो शब्द जिभेवरून कसे निसटतात ते पाहून. बोटांनी तोच वेग गाठला तर केवळ व्यायाम ऐकू येतो. आरिस्तीद ब्र्युआँ यांची मोंमार्त्रच्या गल्ल्यांतली गाणी मला अतिशय प्रिय आहेत, पण त्यांच्या चाली शब्द वाहून नेण्यापुरत्याच आहेत आणि पियानोवर त्या रित्या वाटतात.

प्रश्न (पुढे) – मंद्रसप्तक

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. कडव्याचा मुद्दा वाचताच ‘ले फ्यॉय मॉर्त’ची कडव्यासह प्रत मिळवून वाजवून पाहिली आणि जे हरवले आहे असे वाटत होते ते पुष्कळसे सापडले. परंतु तिथेच एक नवी अडचण उभी राहिली. या गाण्यांच्या कडव्यांत एकच स्वर पुन्हा पुन्हा येतो. गायक त्यावर निरनिराळे शब्द उच्चारतो म्हणून ते कानाला खटकत नाही. मी तेच पियानोवर वाजवले की दारावर कोणी टकटक करत असल्यासारखे ऐकू येते. ब्रेल यांचे ‘न म कित पा’ वाजवताना तर ही अडचण फारच जाणवते. अशा जागा लिहिल्याप्रमाणे वाजवाव्यात की बदलाव्यात?

प्रतिसाद – कोमलनिषाद

बदलाव्यात, पण कोणत्या क्रमाने हे महत्त्वाचे आहे.

सर्वप्रथम मूळ गाणे ऐकून तीच ओळ शब्दांसह स्वतः मोठ्याने म्हणून पाहावी, उच्चार सदोष असला तरी चालेल. फ्रेंच बोलण्यात जोर बहुधा शब्दसमूहाच्या शेवटच्या पूर्ण अक्षरावर पडतो. त्याआधीची अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने पुढे सरकत राहतात. म्हणून एकाच स्वराची सहा आवर्तने असतील तर पहिली पाच हलकी आणि सहावीकडे झुकणारी हवीत. पियानोवर शिकलेल्या हाताला बारच्या पहिल्या मात्रेवर वजन टाकण्याची सवय असते आणि ‘टकटक’ येते ती मुख्यतः त्या सवयीमुळे. शिवाय ओळीच्या शेवटी, एरवी बोलताना जवळपास गळून जाणारा शब्दाच्या शेवटचा उच्चारस्वर गाण्यात एक स्वतंत्र, दुबळी मात्रा घेऊन येतो. छापील प्रतीत तो इतर स्वरांसारखाच दिसतो. वाजवताना मात्र तो आधीच्या स्वराचा उतरता श्वास म्हणूनच यायला हवा. ही एक गोष्ट साधली तर वादन लगेच फ्रेंच वाटू लागते.

एवढे करूनही ओळ निर्जीव राहिली, तर दोन शेजारच्या आवर्तनांचा एक लांब स्वर करावा, आणि जी हालचाल चालीतून गेली ती मधल्या आवाजात द्यावी: कॉर्डमधील एखादा स्वर अर्ध्या सुराने खाली सरकवत न्यावा किंवा डाव्या हाताचा खर्ज पायरीपायरीने उतरवावा. चाल स्थिर आणि तिच्याखालची जमीन सरकते आहे, असा परिणाम होतो. ‘न म कित पा’मध्ये हे फार परिणामकारक ठरते, कारण तिथली आळवणी मुळातच एका जागी खिळलेल्या माणसाची आहे. त्याच गाण्याच्या मधल्या भागात चाल मोकळी होते. तिचे लिस्ट या संगीतकाराच्या सहाव्या हंगेरियन ऱ्हॅप्सोडीतील एका सुरावटीशी नाते आहे असे अनेकांनी दाखवलेले आहे, आणि तिथे मात्र काही न बदलता सरळ गावे.

दुसरी बाब चालीच्या उंचीची. छापील प्रतींत चाल बहुधा मधल्या सी स्वराच्या वर लिहिलेली असते आणि बहुतेक वादक ती भरदार करण्यासाठी आणखी एक सप्तक वर नेतात. पण या परंपरेतले आवाज आठवा: ज्युलिएत ग्रेको हिचा खर्जातला आवाज, मोंताँ आणि ब्रेल यांचे पुरुषी, बोलके आवाज. पहिले कडवे मधल्या सी स्वराच्या आसपास किंवा त्याच्याही खाली, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत वाटून घेऊन वाजवावे. खर्ज डाव्या हाताच्या करंगळीने धरावा आणि वर उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी अगदी विरळ कॉर्ड द्यावेत. चाल वरच्या सप्तकात न्यायची ती शेवटच्या ध्रुवपदासाठी राखून ठेवावी. अगोदरच वर गेलो तर नंतर जाण्यासाठी जागाच उरत नाही.

वॉल्ट्झच्या साथीविषयीही थोडे लिहितो, कारण या गाण्यांपैकी निम्मी तरी तीन मात्रांची आहेत. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये दुसरी मात्रा किंचित लवकर येते. ती सवय इथे आणू नये. पॅरिसचा वॉल्ट्झ म्युझेत या लोकप्रिय नृत्यसंगीताच्या नृत्यगृहांतून, अकॉर्डियनच्या साथीने वाढला. त्याची पहिली मात्रा खोल पण छोटी, दुसरी आणि तिसरी सारख्या अंतराने आणि अगदी हलक्या, आणि डावा हात घड्याळासारखा स्थिर असतो. जी काही ओढाताण करायची ती उजव्या हाताने करावी. पेडल प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर घेऊन तिसरीपूर्वी सोडून दिले की साथीत हवा खेळते.

प्रतिसाद – पानउलट

प्रती कशा शोधाव्यात याविषयी अजून कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून त्यापुरते लिहितो.

फ्रेंच प्रकाशकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकच गाणे बहुधा दोन आकारांत छापले. ‘पती फॉर्मा’ म्हणून ओळखली जाणारी छोटी, स्वस्त प्रत रस्त्यावरच्या गायकांसाठी आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठी असे. तिच्यात केवळ चाल आणि शब्द असतात, पियानोचा भाग नसतो. मोठ्या आकाराच्या प्रतीत आवाज आणि पियानो दोन्ही असतात. जुन्या पुस्तकांच्या बाजारात किंवा संकेतस्थळांवर सुंदर मुखपृष्ठ पाहून मागवलेली प्रत अनेकदा ‘पती फॉर्मा’ निघते, तेव्हा मागवण्यापूर्वी आतल्या एका पानाचे छायाचित्र पाहावे. शोध घेताना ‘शाँ ए पियानो’, म्हणजे आवाज व पियानो, आणि ‘पियानो सल’, म्हणजे एकटा पियानो, हे दोन शब्दप्रयोग फ्रेंचमध्येच लिहून शोधल्यास खूप फरक पडतो. कडव्यांची संपूर्ण चाल मात्र छोट्या प्रतीतही असते. कोमलनिषाद यांच्या कसोटीला ती उतरते, आणि ज्यांना स्वतः साथ बांधता येते त्यांना तेवढे पुरेसेही ठरते.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गालिका’ हे डिजिटल दालन आणि स्वामित्वहक्क संपलेल्या स्वरलिपींचा ‘आयएमएसएलपी’ हा संग्रह या दोन ठिकाणी साती, देब्युसी आणि त्या काळच्या लोकप्रिय वॉल्ट्झच्या मूळ प्रती मोफत पाहता येतात. साती १९२५ मध्ये आणि देब्युसी १९१८ मध्ये निवर्तले. ‘फासिनासिओं’ या वॉल्ट्झचे रचनाकार मार्केत्ती १९४० मध्ये गेले. पोलेत दार्ती हिने गायलेला हा वॉल्ट्झ हॉटेलांच्या वाद्यवृंदांनी इतका वाजवला की तो कॅबरेतून आला हे विसरले जाते, आणि मध्यम तयारीच्या हाताला तो छान बसतो. त्याहून जुने गाणे हवे असल्यास ‘ल ताँ दे सरीझ’ अवश्य पाहावे: शब्द १८६६ चे, चाल आंत्वान रनार यांची १८६८ ची, आणि १८७१ च्या पॅरिस कम्यून या उठावाच्या आठवणीशी ते कायमचे जोडले गेले आहे. त्याच्या चालीत एक भोळी सरळता आहे, जिला फार सजवू नये.

पियाफ, त्रेने, कॉस्मा, ब्रेल यांच्या गाण्यांचे हक्क मात्र अबाधित आहेत. युरोपात ते लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतात आणि शब्द व चाल एकत्र रचलेल्या गाण्यात दोघांपैकी जो मागाहून गेला त्याच्यापासून मोजले जातात. कॉस्मा १९६९ मध्ये आणि प्रेव्हेर १९७७ मध्ये गेले, म्हणजे ‘ले फ्यॉय मॉर्त’ अजून बराच काळ विकतच घ्यावे लागेल. जाताजाता नोंदवण्याजोगी गोष्ट ही, की गाण्यांच्या हक्कांची ही सारी व्यवस्था मुळात अशाच एका ठिकाणी जन्मली. १८४७ मध्ये पॅरिसच्या ‘अंबासादर’ या संगीत चालणाऱ्या कॅफेत एर्नेस्त बूर्जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली गाणी तिथे फुकट वाजवली जातात म्हणून पेयांचे पैसे देण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १८५१ मध्ये रचनाकारांची ‘सासेम’ ही संस्था स्थापन झाली.

प्रतिसाद – उत्तररात्र

कोमलनिषाद यांच्या मुद्द्यांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दोन ठिकाणी वेगळे मत नोंदवतो.

पहिले, कडवे ठेवावे हे खरे, पण सगळी कडवी ठेवू नयेत. झाँ लनुआर यांचे ‘पार्ले-म्वा दामूर’ ल्युसिएन ब्वाये हिने १९३० मध्ये ध्वनिमुद्रित केले. ते ध्रुवपदानेच सुरू होते आणि मग एकाच चालीची कडवी येतात. गायिकेला प्रत्येक कडव्यात नवे सांगायचे असते. पियानोला तेवढे सांगायचे नसते. ध्रुवपद, एक कडवे आणि पुन्हा ध्रुवपद एवढ्यावर थांबावे, आणि दुसऱ्या वेळचे ध्रुवपद पहिल्यापेक्षा हळू आवाजात वाजवावे. बहुतेक वादक शेवटी आवाज वाढवतात. हे गाणे कानात सांगण्याचे आहे, त्याला तसा शेवट मानवत नाही.

दुसरे, जॅझविषयी. फ्रेंच गाणे आणि जॅझ यांचे नाते बाहेरून लादलेले नाही. १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘बफ स्युर ल त्वा’ या पॅरिसच्या बारमध्ये झाँ व्हीनेर आणि क्लेमाँ दूसे हे दोन पियानोवादक रात्रीमागून रात्री अमेरिकी नृत्यसंगीत वाजवीत आणि शहरातले बहुतेक संगीतकार ते ऐकायला जमत. त्रेने यांच्या चालींत तर स्विंगचा ठेका मुळातच विणलेला आहे. तो काढून टाकला तर त्या लंगड्या होतील. पियानोवादक आलेक्सी व्हायसेनबर्ग यांनी त्रेने यांच्या सहा गाण्यांच्या पियानोसाठी केलेल्या मांडण्या याची साक्ष देतात. त्या ‘मिस्टर नोबडी’ या टोपणनावाने ध्वनिमुद्रित झाल्या होत्या आणि पुढे पियानोवादक मार्क-आंद्रे आमलँ यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्या अतिशय अवघड आहेत आणि आपण किंवा मी त्या वाजवू शकू असे मला वाटत नाही. परंतु चाल एका हातातून दुसऱ्या हातात कशी लपतछपत जाते हे ऐकण्यासाठी त्या आवर्जून ऐकाव्यात. त्याचप्रमाणे पियानोवादक आलेक्सांद्र तारो यांचा ‘बफ स्युर ल त्वा’वरील अल्बमही ऐकावा, ज्यात व्हीनेर आणि दूसे यांच्या रचना आहेत.

या धाग्यात अजून एक नाव यायला हवे होते, ते गायिका बार्बारा हिचे. सेन नदीच्या डाव्या काठावरील ‘लेक्ल्यूझ’ या चिमुकल्या कॅबरेमध्ये ती स्वतः पियानो वाजवत गात असे, आणि तिच्या गाण्यांचा पियानो म्हणजे मागाहून कोणी जोडलेली साथ नाही. गाणे त्याच हातांतून जन्मले आहे. ‘दी, काँ रव्हियाँद्रा-त्यु’ (१९६२) या गाण्याची साथ इतकी साधी आहे की तिच्यात चाल सामावून घ्यायला काही सोडावे लागत नाही. आवाज आणि पियानो यांच्या प्रतीवरून मांडणी करण्याचा पहिला प्रयत्न मी याच गाण्यावर करावा असे सुचवेन. ‘लेग्ल न्वार’ (१९७०) त्यानंतर घ्यावे. त्यात एकच चाल पुन्हा पुन्हा येते आणि पट्टी टप्प्याटप्प्याने वर चढते, म्हणून आवाजाची पातळी फार जपून वाढवावी लागते. पहिली दोन आवर्तने जवळजवळ सपाट ठेवावीत, डाव्या हातात सप्तके तिसऱ्या चढानंतरच आणावीत, आणि प्रत्येक नवीन पट्टीवर पोहोचताना पेडल पूर्ण सोडून नव्याने घ्यावे, म्हणजे आधीच्या पट्टीचा गुंजारव नव्या पट्टीत मिसळत नाही.